वसुधाने सोडलेली गोष्ट

वसुधा गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी पिस्कॅटवेच्या इंडियन स्टोअरमध्ये कोथिंबीर निवडत होते. जुन्या रूममेट्सच्या ग्रुपवर दोनच ओळी होत्या. हार्ट अटॅक, स्टेट कॉलेज या अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या गावातल्या तिच्या अपार्टमेंटमध्ये. मी पैसे दिले, घरी आले... आणि ती जुडी तशीच हातात धरून बसले.

बावीस वर्षांपूर्वी त्याच गावात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मी कॉम्प्युटरवाली, ती नागपूरहून इंग्रजी साहित्यात पीएच.डी. करायला आलेली. विषय व्हिक्टोरियन काळातल्या कवयित्रींचा. त्या बायका प्रेमाला नकार द्यायच्या, देवाकडे वळायच्या आणि उरलेलं आयुष्य त्या नकाराभोवती घुटमळायच्या. मला ते रडगाणं वाटे. तिचे देव टॉवेलच्या कपाटात, वरच्या खणात असत. कविता मोठ्याने वाचायची झाली की ती आधी कपाटाचं दार लावून घ्यायची. "देवाला कशाला ऐकवायचं हे सगळं?" म्हणायची. मी हसायचे.

तिच्या मित्राला, समीरला, तेव्हा दूर मॉरिसव्हिलला नोकरी लागली होती आणि तो, लग्न करून माझ्याबरोबर चल, म्हणून तिच्या मागे लागला होता. तिलाही जायचं होतं, अगदी मनापासून. त्याच आठवड्यात नागपुरात तिच्या आईचं मोठं ऑपरेशन झालं. आई वाचली. चार दिवसांनी वसुधाने मला सांगितलं, की ऑपरेशन चालू असताना ती देवाला बोलून बसली होती : आई वाचू दे, मी समीरला सोडते.

"यार, लोक काशीला जाऊन आंबा सोडतात. तू माणूस सोडलास?"

ती हसली नाही. "खरं सांग, असं बोललेलं मोडता येतं का गं?"

मला असाइनमेंट सबमिट करायची होती. स्क्रीनवरची नजरही न काढता मी म्हणाले, "बोललीस ना? मग पाळ. उगाच आईला काही झालं म्हणजे?"

देवाला कधी हात न जोडणारी मी, आणि हा माझा सल्ला!

तिने पाळलं. समीर एकटाच गेला. प्रबंधातलं भक्तीवरचं तिचं प्रकरण गाईडबाईंना फार आवडलं, किती अलिप्तपणे लिहिलंयस म्हणाल्या. पुढे ती तिथेच शिकवत राहिली, उपास वाढवत राहिली. समीरचं नाव तिने एकदाच काढलं, दोनेक वर्षांपूर्वी, फोनवर. "आता त्याचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही गं. आतलं सगळं आटूनच गेलं. मग मी देवाला दिलं तरी काय?" मी माझ्या मुलाच्या कॉलेज अ‍ॅडमिशनचा विषय काढला.

झूमवरच्या शोकसभेत एक काकू म्हणाल्या, किती भाविक, किती तृप्त होती. मग नागपूरहून तिची आई बोलली. शहाऐंशी वर्षांची, आवाज अजून खणखणीत. "लग्नाचं नाव काढू दिलं नाही पोरीनं. काय मिळवलं बाप्पा एवढा हट्ट करून?" मी म्यूटवर होते. म्यूटवरच राहिले. याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

गेल्या आठवड्यात तिचं घर आवरायला गेले. देव टॉवेलच्याच कपाटात होते, पुढ्यात वाळलेलं फूल. टेबलावर बांधलेला प्रबंध. ते प्रकरण उघडलं आणि तिच्या जुन्या सवयीने माझा हात कपाटाच्या दाराकडे गेला... दार लावलं नाही. सताड उघडलं, समोर खुर्ची ओढली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले. तिने सोडलं ते आम्हा दोघांखातर, देवाला दिलेल्या शब्दापायी आणि माझ्या सल्ल्यापायी. दोघांनीही ऐकायलाच हवं होतं.