तळटीपेतले ज्येष्ठ

ज्यानं पाहिलं, भोगलं, त्याचा शब्द म्हणजे प्राथमिक साधन. आणि त्या शब्दावर मागाहून कुणी लिहिलं ते दुय्यम साधन. इतिहासाच्या वर्गात मी हे दरवर्षी सांगतो, पोरं लिहून घेतात. फरक मला नीट ठाऊक आहे. म्हणूनच पुढचं लिहायला इतकी वर्षं लागली.

निजामाच्या काळात आमच्याकडच्या शाळा उर्दूतून चालत. त्यावर माझं एक छोटं पुस्तक आहे. लातूरच्या कॉलेजात लागायच्या आधी, नांदेडला भाड्याच्या खोलीत बसून लिहिलेलं. त्यात एक वाक्य आहे : ‘या शाळांविषयी मुलांच्या मनात भीती आणि तिरस्कार याखेरीज काही नव्हते.’ खाली तळटीप : ‘जळकोट परिसरातील ज्येष्ठांच्या प्रत्यक्ष मुलाखती.’

मी जळकोटला गेलोच नव्हतो. वाक्य दुसऱ्या एका पुस्तकातून उचललं होतं. तिथं त्याला आधार नव्हता, म्हणून तो मी दिला. मे महिना होता, खोलीत कुलर नव्हता, असं स्वतःला सांगत आलो. पण उन्हानं माणूस घराबाहेर पडत नाही इतकंच. ऊन काही खोटी तळटीप लिहायला लावत नाही.

पुढं ते वाक्य माझ्याही हातात राहिलं नाही. पोरं आपापल्या प्रबंधांत ते घालू लागली, ‘मुलाखतींवर आधारित’ म्हणून. मी शेजारी बरोबरची खूण करायचो.

मागच्या वर्षी एम.ए.ची एक विद्यार्थिनी माझ्याकडं प्रबंधाला होती. घर जळकोटजवळच्या खेड्यात. उर्दू शाळेत शिकलेले, नव्वदीला टेकलेले एक आजोबा तिनं गावात शोधून काढले आणि त्यांच्यावरच सगळा प्रबंध उभा केला. एका दुपारी मोबाईल घेऊन आली.

‘सर, आजोबा तर उलटंच सांगून राहिले. शाळा आवडायची म्हनतात.’

‘म्हातारपणी माणूस बालपण गोड करून सांगतो. मौखिक साधन ताडून बघावं लागतं. तेवढा भाग वगळ.’

‘कशाशी ताडू?’

‘पुस्तकाशी.’

‘तुमच्याच ना?’

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला रागावता तरी आलं असतं.

‘वगळलं तर माझ्याकडं उरतंय काय, सर? आन ठेवलं तर बाहेरचे परीक्षक म्हनतील, गाईडच्या पुस्तकाविरुद्ध लिहिलंय, हिला काही कळत न्हाई.’

मी म्हणालो, ‘मी येतो गावाला. स्वतः विचारतो.’ आता कबूलच करतो : आजोबा माझ्या बाजूनं बोलतील, अशी आशा होती.

आजोबा गोठ्याच्या सावलीत बाजेवर बसले होते. आमच्याकडं मुलाखत एकट्यादुकट्याची होत नाही. शेजारपाजार जमला, चहा आला, आणि आधी माझीच चौकशी झाली.

‘कुठले तुम्ही?’

‘औशाचा.’

‘औशात कोणाचे?’

एक लांबची मावशी जुळली, तेव्हा कुठं ते निवांत झाले. मग त्यांनी माझ्या खिशातल्या पेनाकडं बघितलं, घसा खाकरला आणि भाषणाला उभं राहिल्यासारखे सुरू झाले : ‘लई जुलूम, साहेब! शाळा म्हंजी तुरुंग. आमच्या मनात भीती आन तिरस्कार, दुसरं काईच न्हाई!’

वाक्य माझं होतं. हवं होतं तेच समोरून आलं, पण पेन खिशातच राहिलं.

पोरगी खो खो हसायला लागली. ‘आजोबा, हे मुक्तिसंग्रामाच्या पेन्शनचे साहेब न्हाईत! माझे सर हायत. मला सांगितलं तसं सांगा.’

‘पेन्शनचे न्हाईत व्हय? मग आदी सांगायचं की गं, बये!’ आजोबा गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, ‘ते तर नातवाचं भाषन हाय. झेंडावंदनाला त्याच्या मास्तरनं पुस्तकातून काढून दिलतं. रोज घोकायचा, मलाबी पाठ झालं.’

सगळा गोठा हसला. मीही हसलो, पण उशिरा.

मग त्यांनी खरं सांगितलं. मौलवीसाब मारायचे, चिंचेच्या ओल्या फोकेनं. भीती होतीच. ‘पर सुगीत आमी रानात असायचो ना, तवा त्येच रानात यायचे. धसकटात बसून पाढे घ्यायचे, दो एकम दो. आमची माय त्यायला हुरडा द्यायची. निजाम गेला, शाळा मराठी झाली, मौलवीसाब गेले, तवा मी दोन दिस जेवलो न्हाई. तिरस्कार कशापायी करावा मानसानं?’

परत निघालो. फाट्यावर बसची वाट बघत उभे होतो. पोरगी खुशीत होती, रेकॉर्डिंग नीट आलंय का ते तपासत होती. अजून एक महिना, प्रबंध जमा होईपर्यंत, गप्प राहिलो असतो तरी तिचं काम आता होणारच होतं. तरी तोंडून निघालं.

‘त्या तळटीपेत ज्येष्ठ नाहीत. मी कुणालाच भेटलो नव्हतो.’

तिनं कानातली वायर काढली. ‘एकालाबी न्हाई?’

‘एकालाही नाही.’

‘मला वगळ म्हनलात, तवाबी माहीत व्हतं?’

‘हो.’

हे ‘हो’ त्या खोट्या तळटीपेपेक्षा जड गेलं. ती रस्त्याकडं बघत राहिली. एक ट्रॅक्टर उसाच्या मोळ्या घेऊन धूळ उडवत गेला.

‘मला हे लिहावं लागंल, सर,’ ती म्हणाली. ‘नसता नातवाचं भाषन कुठून आलं ते कसं सांगू? पर फाट्यावर कानावर आलं असं लिहिता येत न्हाई. तुमीच शिकवलंय, ऐकीव चालत न्हाई. मुलाखत द्या.’

‘इथं?’

‘मग काय कॉलेजात देता?’

तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला आणि आवाज बदलून, एकदम परीक्षेतल्यासारखं विचारलं, ‘हे पुस्तक लिहीत असताना आपण कुठे राहत होता?’

मी सांगू लागलो. खोली सांगितली, मे महिना सांगितला. ‘कुलर नव्हता’ असं म्हणालो, तर तिनं मान न हलवता पुढचा प्रश्न टाकला. पहिल्यांदाच मला कुणी मधे थांबवत नव्हतं, सावरून घेत नव्हतं. लातूरची बस आली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तिनं मोबाईल न हलवता दुसऱ्या हातानं त्याला ‘जा’ अशी खूण केली.

‘हां, सर. मग ते वाक्य नेमकं कुठून घेतलं?’