सिनेमात बोल्ट अडकत नाही

बासष्टच्या लढाईत मी नायक होतो, दहा माणसांच्या सेक्शनचा कमांडर. दोन वर्षांनी मी भिलाईत होतो, प्लांटच्या गेटवर सिक्युरिटी गार्ड. मधल्या काळात डाव्या हाताची दोन बोटं हिमदंशानं गेली, मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं, आणि भंडाऱ्याकडची अर्धी गावं भिलाईची वाट धरत होती म्हणून मीही धरली. ड्युटी सकाळी सहा ते दोन. अंगावर खाकीच, फक्त समोरून गोळ्यांऐवजी सायकली यायच्या.

एका रविवारी भिलाईतल्या पावर हाउस भागातल्या टिनाच्या टॉकीजमध्ये तीनच्या खेळाला गेलो. लढाईचा सिनेमा होता. मी आपण होऊन गेलो नसतो. मला सीतारामकाकाजी घेऊन गेले. सीताराम हटवार म्हणजे माझ्या सेक्शनमधल्या लान्स नायक डोमा हटवारचे वडील. डोमा त्या लढाईत पडला. काकाजी लढाईच्या आधीपासून प्लांटमध्ये रंगाऱ्यांच्या गँगमध्ये होते. नव्या शेडचं लोखंड उभं राहिलं की ते गंजायच्या आत त्याला लाल रंग मारायचा, हे त्यांचं काम. जवळच्या खुर्सीपार वस्तीत दोन खोल्यांत नवरा-बायको राहत. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायचो. काकू मला डोमाच्या ताटात वाढायच्या.

पहिल्याच रविवारी मी त्यांना सांगितलं होतं की डोमाला गोळी लागली आणि तो जागच्या जागी गेला. पुढे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. काकूंचा स्वयंपाक चांगला होता, पण मी तिथे कधी पोटभर जेवलो नाही.

सिनेमातला हीरो कॅप्टन होता. दाढी गुळगुळीत. त्यात खोटं काही नाही, दाढी आम्हीही रोज करायचो, कारण इन्स्पेक्शन कधी येईल याचा नेम नसे. पण पुढे त्यानं एकट्यानं टेकडी घेतली. रायफलमध्ये एकदाही गोळ्या भरल्या नाहीत, तरी गोळ्या संपल्या नाहीत. छातीत तीन लागल्यावर तो पुन्हा उठला, झेंडा रोवला, आईला उद्देशून बोलू लागला. मी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं बोलला, मग मेला. नंतर त्याचं शव गावी आलं, गावानं फुलं उधळली. टॉकीज रडत होती. मला हसू येत होतं आणि रागही येत होता.

काकाजी रडत नव्हते. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. खेळ सुटल्यावर आम्ही बाजारातल्या एका चहाच्या टपरीवर बसलो. चहा आला. त्यांनी तो प्यायला नाही.

"असंच झालं होतं का रे, वासुदेव?"

मी म्हणालो, सिनेमा तो सिनेमा, काकाजी.

"तू दरवेळी ताटाकडे पाहून बोलतो," ते म्हणाले. "आज तिथं ताट नाही. माया तोंडाकडे पाहून सांग."

मग मी सांगितलं. तेच इथे लिहितो.

आमची पोस्ट तेरा हजार फुटांवर होती. साडेचारला चहा. पाचला स्टँड-टू, म्हणजे उजाडेपर्यंत सगळ्यांनी रायफल घेऊन खंदकात उभं राहायचं. आठला हत्यारांची सफाई. मग दगड वाहणे, खंदक खोल करणे, लाकूड आणणे. लोकांना वाटतं आम्ही तिथे देशाविषयी बोलत असू. आम्ही डाळ शिजत नाही याविषयी बोलत होतो. माझ्या सेक्शनला चिन्यांपेक्षा सुभेदारसाहेबांचा धाक जास्त होता. रायफलीवर गंजाचा ठिपका दिसला तर ते माणसाला दगड उचलून पूर्ण पोस्टला चक्कर मारायला लावत, आणि त्या उंचीवर रिकाम्या हातानं चाललं तरी छाती फुटायची.

रायफलीचं सरकारी तेल संपत आलं होतं. विमानातून टाकलेला माल दरीत जात होता. उरलेलं तेल ब्रेनगनसाठी, म्हणजे सेक्शनच्या हलक्या मशीनगनसाठी, राखायचा हुकूम होता. सेक्शनमध्ये एक ब्रेन आणि नऊ थ्री-नॉट-थ्री रायफली. बर्फाच्या ओलीनं रायफलींना गंज धरू लागला. त्यातच निरोप आला की आठवड्यानं कंपनी कमांडर इन्स्पेक्शनला येणार.

डोमाकडे जवसाचं तेल होतं. सुट्टी संपवून निघताना आईनं बाटलीत भरून, वर चिंधी बांधून दिलेलं. थंडीत डोमाच्या हातांना भेगा पडायच्या, रक्त यायचं. तो रोज चार थेंब चोळायचा आणि बाटली पांघरुणात गुंडाळून ठेवायचा.

आमच्याकडे जवसाचं तेल भाजीला लागतं, डोक्याला लागतं, दाराची बिजागरी कुरकुरली तर तिलाही तेच. त्यामुळे मला जी कल्पना सुचली ती फार हुशारीची वाटली. मी म्हणालो, बाटली काढ, सगळ्यांच्या रायफलींना हेच लावा.

डोमा म्हणाला, "नायकसाब, हे हाताचं आहे."

"हात इन्स्पेक्शनला दिसत नाहीत," मी म्हणालो. "रायफल दिसते."

त्यानं बाटली दिली. तोंड वाकडं केलं नाही. मी त्याला दहा वर्षं ओळखत होतो, हुकुमावर त्यानं कधी दुसऱ्यांदा बोलून दाखवलं नव्हतं.

आठ दिवस रोज तेलाचा हात फिरला. रायफली नव्या नवरीसारख्या चमकू लागल्या. बोल्ट, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर मागे-पुढे ओढायचा दांडा, किंचित जड चालतो असं एक-दोघं म्हणाले. मी म्हणालो, थंडी आहे. बंकरमध्ये चुलीजवळ तो चालायचा. गोळी झाडून पाहायला परवानगी नव्हती, गोळ्या मोजून मिळालेल्या. आठव्या दिवशी कमांडरसाहेब आले. एक एक रायफल उजेडाकडे धरून पाहिली. म्हणाले, "गुड, नायक." मी छाती फुगवून सॅल्यूट केला. त्या सॅल्यूटची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता स्टँड-टू. बंकरमध्येच गोळी चढवून सगळे खंदकात उतरले. धुकं होतं. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी बर्फ चुरडल्याचा आवाज आला. मग शिट्टी. मी कंपनीला फोन फिरवला.

"साहब, दुश्मन सामने. सौ गज."

"फायर करो. लाइन मत छोड़ना."

त्यानंतर तोफगोळा पडला आणि फोन मेला.

नऊ रायफली एकदम वाजल्या. समोर चार-पाच माणसं पडली. मी बोल्ट मागे ओढायला हात घातला. बोल्ट हलला नाही. जोर लावला. हलला नाही. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळे आपापल्या बोल्टशी झटत होते. माझ्या अख्ख्या सेक्शननं एकेक गोळी झाडली आणि रायफलींच्या काठ्या झाल्या. ब्रेन तेवढी चालू होती. तिच्या दोन फैरींमधली शांतता मी कधीही विसरणार नाही.

ब्रेनवर सिपाही भीमराव मेश्राम होता. त्याच्या शेजारी सिपाही गणपत लांजेवार मॅगझिन देत होता. गणपतनं मॅगझिन लावलं, पँटची बटणं सोडली आणि आपल्या रायफलीच्या बोल्टवर मुतला. वाफ आली. बोल्ट सुटला. तो ओरडला, "मुता रे सारे!" मग त्यानं दुसरी गोळी झाडली, तिसरी झाडली, आणि चौथ्या वेळी त्याच्याच गळ्यातून गोळी आरपार गेली. भीतीनं माणसाची लघवी होते म्हणतात. त्या सकाळी हवी होती तेव्हा आणखी दोघांनाच झाली.

भीमराव चेहऱ्यावर गोळी लागून ब्रेनवरच कोसळला. मी त्याला बाजूला ओढलं. त्याच्या चेहऱ्याचा खालचा भाग राहिला नव्हता. ब्रेन घेतली. तोवर चिनी खंदकात उतरले होते.

डोमा माझ्यापासून सहा हातांवर होता. आधी त्यानं दगडानं बोल्ट ठोकला. मग बुटाच्या टाचेनं. समोर माणूस आला तेव्हा त्यानं रायफल नळीकडून धरली आणि दस्ता त्याच्या डोक्यात घातला. दुसऱ्यांदा घातला तेव्हा दस्ता मोडला. मग त्यानं खंदक खणायचं फावडं उचललं. त्या फावड्यानं त्यानं दोघांना मारलं. एकाची मान अर्धी तुटली होती आणि तो माणूस दोन पावलं तसाच चालला. सिनेमात हे दाखवत नाहीत, आणि दाखवू नये असंच मला वाटतं. डोमा ओरडत नव्हता. झाड तोडताना निघतो तसा त्याच्या तोंडातून हं, हं असा आवाज निघत होता. तिसऱ्यानं त्याच्या पोटात फैर झाडली. त्या तिसऱ्याला मी ब्रेननं पाडलं.

ते मागे हटले. पुन्हा येणार हे ठाऊक होतं. मी डोमाजवळ गेलो. त्याचं पोट उघडं पडलं होतं, त्यावर कांबळं दाबून धरलं. पोटात जखम असलेल्याला पाणी देऊ नये. मी दिलं.

तो म्हणाला, "नायकसाब, माफी द्या. माया हातानं रायफल बिघडली."

मी म्हणालो, चूप राय.

"रोज पुसत होतो मी. तरी बिघडली. माफी द्या."

तो वीस मिनिटं जिवंत होता. त्यानं देशाचं नाव घेतलं नाही, आईचंही नाही. तीन वेळा रायफलीची माफी मागितली. तोवर माझ्या ध्यानात आलं होतं. सगळ्यांच्या रायफली एकदम अडकतात तेव्हा चूक एकाच्या हाताची नसते. वीस मिनिटं होती माझ्याकडे. मी त्याला सांगू शकलो असतो. मी पाणी पाजत राहिलो. मला भीती वाटली, मरणाऱ्या माणसाची भीती.

सव्वासहाला मागे येण्याचा हुकूम घेऊन रनर आला. सात जण निघालो. तिघांना तिथेच ठेवावं लागलं. पुढे तळावर हत्यारं जमा केली तेव्हा मिस्त्री माझा बोल्ट घासलेटात बुडवून म्हणाला, यात काय घातलं होतं, व्हार्निश?

काकाजींनी सगळं ऐकलं. चहावर साय आली होती. ते आपल्या हातांकडे पाहत होते. नखांत लाल रंग होता, तो कधीच निघत नसे.

"जवसाचं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ते वाळते. आमी तेच टाकतो रंगात, रंग लोखंडाले धरून राहावा म्हणून. दोन हात मारले की नखानं निघत नाही." मग म्हणाले, "मले इचारलं असतं तर मी सांगतलं असतं."

मग ते उठले आणि मला थोबाडीत मारली. म्हातारा माणूस, पण सात वर्षं लोखंडावर चढलेला हात होता. माझा ओठ फुटला. टपरीवरचे लोक उठले. मी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांनी आणखी मारावं असं मला वाटत होतं.

ते खाली बसले.

"हे डोमाच्या वाटचं," ते म्हणाले. "आता ऐक. तिले हे सांगायचं नाही. ते तेल तिनं देलं होतं. तिच्या हातचं होतं. समजलं?"

"समजलं."

"ती आज इचारन. सिनेमातलं सांग तिले."

खुर्सीपारला पोचलो तेव्हा काकू चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांनी माझा ओठ पाहिला. काकाजी म्हणाले, सायकलवरून पडला. काकूंनी सिनेमा कसा होता विचारलं, आणि मग, मागे वळून न पाहता, डोमाचंही तसंच झालं का ते विचारलं.

मी सांगितलं. डोमानं एकट्यानं अख्खी टेकडी अडवली. त्याची रायफल थांबली नाही. गोळी लागली तरी तो पुन्हा उठला. झेंड्याला सॅल्यूट केला. काकू, तुमचं नाव घेतलं. ज्या सिनेमाला मी तासाभरापूर्वी हसलो होतो तो मी फ्रेम न् फ्रेम सांगितला, आणि हीरोच्या सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेतला. काकाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

काकूंची भाकरी तव्यावर करपली. त्यांनी ती उतरवली. झेंड्याचं काही विचारलं नाही, टेकडीचंही नाही.

"त्याच्या हाताच्या भेगा?" त्यांनी विचारलं. "तेल लावत होता का तो? भरल्या होत्या का?"

त्याचे हात मी शेवटचे पाहिले तेव्हा ते फावड्याच्या दांड्यावर होते. भेगा उघड्या होत्या, त्यांत रक्त होतं, आणि ते सगळं दुसऱ्यांचं नव्हतं.

"लावत होता, काकू. रोज लावत होता. भरल्या होत्या."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "लय दुखत होते त्याचे हात."

मग त्यांनी डोमाच्या ताटात मला वाढलं आणि मी जेवलो. काकू जाईपर्यंत दर रविवारी जेवलो. त्यांना शेवटपर्यंत दुसरं काही कळलं नाही. काकाजी आधीच गेले होते.

आता शाळेत, कार्यक्रमात मला बोलावतात आणि विचारतात, सिनेमात दाखवतात तसे असतात का हो सैनिक? मी म्हणतो, नसतात. त्यांना भीती वाटते, त्यांचे हात फुटतात, त्यांची हत्यारं अडकतात, आणि ते तरी जागा सोडत नाहीत. मग मी तीन नावं घेतो. सिपाही भीमराव मेश्राम. सिपाही गणपत लांजेवार. लान्स नायक डोमा हटवार.

डोमा, रायफल तुझ्या हातानं बिघडली नव्हती. ऑर्डर माझी होती.