गोलात घेतलेलं नाव

दरवर्षी मे महिन्यात आम्ही ख्रिस्ती प्राध्यापक मंडळी सहकुटुंब विसाव्याला जातो. हिंगोली जिल्ह्यात, वारंगा फाट्यावर एसटीतून उतरायचं, जीप करायची आणि माळावरच्या एका जुन्या मिशन बंगल्यात जाऊन आठवडाभर पडायचं. नियम एकच. परीक्षेचे पेपर, विद्यापीठाचं राजकारण आणि महागाई भत्ता, हे सगळं फाट्यावर ठेवून यायचं. पुरुष मंडळी बनियनवर कॅरम खेळतात, बायका व्हरांड्यात लवंडतात, कुरुंद्याचे आचारी चाचा स्वयंपाकघर सांभाळतात. सकाळी शास्त्रपाठ, संध्याकाळी चिंचेखाली प्रार्थनेचा गोल, आणि मधे नुसती झोप. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, पण त्या चिंचेकडे मी कधी अभ्यासाच्या नजरेनं पाहिलं नाही. तिच्याखाली डोळे मिटायचे, एवढंच माहीत.

यंदा मात्र मी विसाव्याला गेले नव्हते. उट्टं काढायला गेले होते.

तीन वर्षांपूर्वी त्याच चिंचेखाली माझ्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि मोडलं ते एका प्रार्थनेनं. आमच्या गोलाची रीत अशी की पाळक विचारतात, "कुणाची काही विनंती?" मग एकेक जण उठून आपलं दुखणं सांगतो, आणि सगळे त्यासाठी प्रार्थना करतात. दुसऱ्यासाठीही विनंती मांडता येते. ही सवलत ज्या भल्या माणसानं ठेवली, त्याला प्राध्यापक मंडळी ठाऊक नसावीत.

माझ्या लेकीला लहानपणी फिट यायच्या. गोळ्या चालू आहेत, आणि कितीतरी वर्षांत एकदाही आलेली नाही. ती फार्मसी शिकली, नांदेडला नोकरी करते. तिचं ज्या मुलाशी ठरलं होतं, त्याला तिनं स्वतः सगळं सांगितलं होतं. त्याची काही हरकत नव्हती. त्याच्या आईला सांगायचं राहिलं होतं, ते आम्ही दोघं नवराबायको तिथंच, शेवटच्या दिवशी, नीट बसून सांगणार होतो. दोन्ही घरं विसाव्याला आलेली. मी तर आनंदाच्या भरात पहिल्याच दिवशी पेढे वाटून मोकळी झाले.

त्या मुलाशिवाय ही गोष्ट बाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक होती. इंग्रजीच्या मॅडम. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, विद्यापीठात मान, चर्चमध्ये पुढचा बाक. पोरीसाठी चांगला डॉक्टर त्यांनीच सुचवला होता, म्हणून विश्वासानं सांगितलेलं. त्या संध्याकाळी त्या उठल्या, डोळे मिटले आणि मधाळ आवाजात म्हणाल्या, "आपल्या भगिनीच्या लेकीला फिटचा आजार आहे. आता तिचं लग्न होऊन राहिलंय. संसारात तिला तकलीफ होऊ नये, म्हणून आपण सगळे प्रार्थना करू."

सगळ्यांनी केली की! माझी पोरगी तिथंच बसलेली, मान खाली घालून. शेवटी सगळ्यांबरोबर तिलाही आमेन म्हणावं लागलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी मुलाची आई माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, प्रभूची इच्छा दिसत न्हाई." आमच्यात नकार असाच देतात. वाद घालायला जागाच ठेवत नाहीत. मुलगाही आईपुढं गप्प बसला, मेला! त्यानंतर प्राध्यापकांच्या एकाही घरातून लेकीला विचारणा आली नाही, आणि ती पुन्हा कधी विसाव्याला आली नाही.

मी मात्र जात राहिले. मॅडमना तोंडावर हसून "सलाम मॅडम", आणि मनात "थांब बये, तुझीही वेळ येईल." सूड देवावर सोडावा असं आमचे पाळक सांगतात. मी दोन वर्षं सोडून पाहिला. देवाला घाई दिसेना.

मग या हिवाळ्यात माझ्या धाकट्या भावानं मोबाइलवर विसाव्याचा एक फोटो पाहिला आणि मॅडमच्या मुलावर बोट ठेवलं. भावाच्या घरासमोर एक व्यसनमुक्ती केंद्र आहे. "ह्या पोराला मी मागं त्या गच्चीवर कपडे वाळत घालताना पाहिलंय," तो म्हणाला. कधी, ते मी विचारलं नाही. मला काय करायचं होतं? मी स्वयंपाकघरात गेले आणि एकटीच हसत उभी राहिले.

मे महिन्यात कळलं की त्याच मुलाचं लग्न जमत आलंय, आणि मुलीकडचेही यंदा येऊन राहिलेत. म्हटलं, व्वा प्रभू, उशीर केलास, पण बराबर केलंस.

जीपमध्ये आमच्या ह्यांना संशय आला. इतिहासाचे प्राध्यापक, पण घरातलं काही लवकर कळत नाही. या वेळी कळलं. "अगं, तुझा चेहरा असा का दिसतोय? तिथं काय करणार आहेस?"

"प्रार्थना," मी म्हणाले.

पहिले दोन दिवस मी कुणाला काही कळू दिलं नाही. मुलीच्या आईशी गप्पा मारल्या. साधी, चांगली बाई. मुलगाही वाईट नव्हता, खरं सांगते. गोलात पेटी तोच वाजवायचा, चाचांना पाणी शेंदून द्यायचा, सगळ्यांशी हळू बोलायचा. दारूचा वासही नव्हता. पण माझ्या पोरीला तरी कुठं फिट येत होती?

तिसऱ्या संध्याकाळी पाळकांनी विचारलं, "कुणाची विनंती?" आणि मी उठले. "आपल्या मॅडमच्या लेकराला प्रभूनं दारूच्या बंधनातून सोडवलंय. केंद्रात राहून आलाय तो. आता त्याचं लग्न होऊन राहिलंय. तो पुन्हा पडू नये, नव्या सुनेला तकलीफ होऊ नये, म्हणून आपण सगळे प्रार्थना करू."

मधाळ आवाज मलाही काढता येतो.

सगळ्यांनी डोळे मिटले, मी मिटले नाहीत. मला बघायचं होतं. मुलीच्या बापानंही मिटले नव्हते, तो मुलाकडे बघत होता. मुलाचा हात पेटीच्या भात्यावर तसाच राहिला. मॅडम ताठ बसलेल्या, डोळे मिटून. चेहरा पांढराफटक. मी तो पोटभर पाहिला. मग शेवटचं गीत झालं, त्या पोरानं ते एकही सूर न चुकवता वाजवलं.

सकाळी मुलीकडच्यांची जीप फाट्याकडे गेली. जाताना मुलीची आई मॅडमना काय म्हणाली, ते ऐकायला मी जवळ नव्हते, पण मला ते तोंडपाठ होतं. मी आत जाऊन दोन कप चहा प्याले. आमचे हे माझ्याशी बोलत नव्हते. न बोलू देत. तीन वर्षांत पहिल्यांदा मला हलकं वाटत होतं.

जेवणाआधी मी मागच्या व्हरांड्यात रसासाठी आंबे पिळायला बसले. थोड्या वेळानं मॅडम आल्या. वाटलं, आता रडतील, नाहीतर ओरडतील. दोन्हींची माझी तयारी होती. पण त्यांनी पदर खोचला, पातेल्याच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि एक आंबा घेऊन दोन्ही हातांत मऊ करायला लागल्या.

"काल तुम्ही प्रार्थना केली नाही," त्या म्हणाल्या.

"न्हाई. बदला घेतला."

"माहीत आहे. मी तरी त्या वर्षी कुठं प्रार्थना केली होती?"

तीन वर्षं मला वाटत होतं की ही बाई म्हणेल, माझ्या मनात तसं काही नव्हतं. त्यावर काय बोलायचं, ते मी पाठ करून ठेवलं होतं. ते सगळं वाया गेलं.

"काहून केलंत मग?" मी ओरडलेच. "माझ्या लेकरानं काय वाईट केलं होतं तुमचं?"

"काही नाही." त्या आंबा पिळत राहिल्या. "तुम्ही पेढे वाटून राहिला होता. माझं पोरगं तेव्हा त्या केंद्रात होतं. मी सगळ्यांना सांगितलं होतं की तो कोर्सला गेलाय. रोज संध्याकाळी पाळक विनंती विचारायचे, आणि रोज मला उठावंसं वाटायचं. नाव तोंडात यायचं, आणि पुढचा बाक आठवायचा. त्या दिवशी उठले खरी. पण त्याचं नाव घ्यायची हिंमत झाली नाही, तर तुमच्या पोरीचं घेतलं."

त्या माफ करा म्हणाल्या नाहीत.

"मी तुम्हाला माफ करणार न्हाई, मॅडम," शेवटी मी म्हणाले.

"नका करू," त्या म्हणाल्या. "पण त्याच्यासाठी त्या गोलात पहिल्यांदा कुणी प्रार्थना केली असेल, तर ती काल तुम्ही केली. मी आई असून केली नाही."

मी पातेलं त्यांच्याकडे सरकवलं आणि उठले. हात न धुताच मागच्या दारानं माळावर गेले आणि लेकीला फोन लावला. सकाळपासून तिला सांगायची घाई झाली होती मला. तिनं फोन उचलला, "बोल ना आई" म्हणाली, आणि मला एक शब्द सांगता येईना.