शिकलगार मॅडमची अंधारखोली

शिकलगार मॅडमच्या अंधारखोलीत जायचं तर आधी बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसावं लागे. डोळ्यांना अंधाराची सवय झाल्याशिवाय आत प्रवेश नाही, आणि यातून कुणालाच सूट नव्हती. एकदा आमचे मोठे डॉक्टर असे बसलेले पाहून एका बाईंना वाटलं, यांना भोवळ आली. त्यांनी तोंडावर पाणीच मारलं. आरडाओरडा झाला तशी मॅडमनी आतूनच विचारलं, "कोन पडलं गं?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोकं घातलं.

नव्वदच्या दशकात सांगलीच्या एका दवाखान्यात मी त्यांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. मॅडम कऱ्हाडच्या, चाकू-कात्र्यांना धार लावणाऱ्याची लेक. व्याख्यानात त्यांची मराठी कडक इस्त्रीची असे. राग किंवा माया दाटून आली की त्या थेट कऱ्हाडात उतरत.

त्यांचा जीव दोन इवल्याशा कुप्यांत होता. आपल्या शरीरातल्या काही पेशी रोगाशी लढायला प्रतिपिंडं बनवतात. त्या प्रतिपिंडांचा एक भाग म्हणजे हलकी साखळी; तिच्या दोन जाती, कप्पा आणि लॅम्डा. एक पेशी एकच जात बनवते. एका कुपीतलं औषध कप्पाला चिकटून हिरवं चमके, दुसरीतलं लॅम्डाला चिकटून तांबडं. दोन्ही रंग मिसळून दिसले तर काळजी नाही. सगळीकडे एकच रंग दिसला, तर एकाच पेशीची पिलावळ माजली, म्हणजे कर्करोग. परदेशातून यायच्या त्या कुप्या. फ्रिजमध्ये त्यांच्या शेजारी कुणी डबा ठेवला की मॅडम शाप देत, "ताक हितं ठेवनाऱ्याचं लगीन मोडंल!"

त्या चमकेची एक खोड होती. बघण्यासाठी प्रकाश पाडावा, तर त्याच प्रकाशात ती विझत जाई. मी जास्त वेळ डोळा लावला की मॅडम म्हणत, "बघशील तेवढं सरंल. हावऱ्यागत बघू नगं."

अशात जतहून निंगव्वा आली. मेंढ्या राखणारी म्हातारी, पाठीनं पार वाकलेली. कुणीतरी तिला हाडाचा कॅन्सर असेल असं बोलून गेलं होतं आणि तिनं अन्नच टाकलं होतं. आमच्याकडे मणक्याचा क्षय निघाला. हाडाच्या मगजात पेशी वाढल्या होत्या खऱ्या, पण दोन्ही रंगांच्या. महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या तर ती चालती होणार होती. निंगव्वा मात्र गोळीला हात लावेना.

"मराया लागल्यालीशी समदीच ग्वाड बोलत्यात," ती म्हणाली. "माज्या हाडातलं हाय न्हवं? मग मला दावा."

नेमकी तिच्या मगजाची काच इतकी सुरेख उतरली होती की मॅडम पुण्याच्या परिषदेत तिचंच छायाचित्र दाखवणार होत्या. कॅमेरा चढवून तयार. कुप्या रिकाम्या, नव्या कधी येतील याचा भरवसा नाही. मी कळवळून म्हटलं, "मॅडम, आधी फोटो काढू, मग दाखवू."

"आनि फोटोतच समदं सरलं तर तिला काय दावू? ढेकळं?" मॅडमनी कॅमेरा उतरवला.

निंगव्वाला स्टुलावर बसवून त्यांनी मागून कंबरेला हात दिला. तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"अय्यो! हिरवं हिरवं हाय की."

मॅडमनी रंग बदलायची चकती फिरवली. "आता?"

"तांबडं."

"मावशी, कळपात एकाच मेंढीची पिल्लं माजली आसती तर एकच रंग दिसला आसता. दोन्ही हाईत का न्हाई, तूच सांग."

निंगव्वा घाई करणारी नव्हती. हिरवं बघितलं, तांबडं बघितलं, पुन्हा हिरवं मागितलं. तिकडे छायाचित्र संपत होतं आणि इकडे माझा जीव तीळ तीळ तुटत होता.

"बाई, ह्ये विझाय लागलं."

"विझू दे. तू बघ."

शेवटी तिनं डोकं वर काढलं. "हाईत. दोन्ही हाईत." मग अंधारातच विचारलं, "भाकरी हाय का कुनाकडं?"

माझा डबा तिनं झाडून पुसून संपवला आणि वर गोळ्या घेतल्या.

काही महिन्यांनी मॅडम पुण्याच्या व्यासपीठावर छायाचित्राविना उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेतल्या एका बड्या डॉक्टरांनी हसत विचारलं, "मॅडम, पुरावा?" माझीच मान खाली गेली.

"होता, सर," मॅडम म्हणाल्या. "सध्या तो जतच्या माळावर मेंढ्यांमागं चालतोय."