कोहमाऱ्यावर बंद पडलेली विलायती गाडी

ती गोष्ट अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त होऊन घरी आलो. कोणाच्या चिठ्ठीवर वर चढलो नाही. नावं सांगणार नाही, कारण ते घर अजून गोंदियात आहे.

तेव्हा मोबाईल सगळ्यांकडे नव्हते, एसटीडी बूथ चालत होते. गावात एक राईस मिलवाले शेठ होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पुतण्या त्यांच्याजवळ राहायचा आणि मिल बघायचा. शेठकडे एक जुनी विलायती गाडी होती. मँगनीजच्या खाणीवरचा इंग्रज साहेब आपल्या देशाला गेला तेव्हा शेठच्या वडिलांनी ती घेतलेली. बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची. वर छत नाही, चाकांना सायकलसारख्या तारा. दर रविवारी सकाळी शेठ ती काढायचे, कोहमाऱ्याच्या तिठ्यावरून प्रतापगडाकडे जंगलाच्या रस्त्याने जायचे आणि परत यायचे. तिकडे ना शेत, ना सोयरा, ना तिथल्या दर्ग्याला नवस.

आमचा भाग नक्षलवाल्यांचा. अशा रस्त्यावर बिनकामाचा फिरणारा माणूस मला पटत नाही. शेठवर माझी नजर आधीपासूनच होती.

एका रविवारी दुपार कलल्यावर ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. म्हणाला, शेठ आज प्रतापगडच्या जंगलातून काडतुसं घेऊन आला आहे, माल गाडीतच आहे. मी डायरीत नोंद घेतली आणि फौजदार साहेबांना कळवलं. दोन पंच घेऊन आम्ही शेठच्या शेडवर गेलो. गाडीखाली तेल गळतं म्हणून पत्र्याचा ट्रे ठेवलेला. सीटच्या मागे कॅनव्हासची टूलची पिशवी होती. तिच्यात पान्यांखाली चिंधीत बांधलेली काडतुसं निघाली. जागेवर पंचनामा केला. गाडी काही सुरू होईना, म्हणून ट्रॅक्टरने ओढत ठाण्यात आणली. शेठलाही आणलं.

जबाब मी घेतला. शेठचं बोलणं अर्धं हिंदी.

"जंगलात काय काम असते?"

"काम कुछ नहीं. गाडी चालवतो."

"चालवत जाता कुठं?"

"घरी परत."

तीस वर्षांच्या नोकरीत असं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. चोरसुद्धा काहीतरी कारण सांगतो. आज कुठपर्यंत गेला होता म्हणून विचारलं, तर कोहमाऱ्यापर्यंत म्हणाले आणि मान खाली घातली. मी म्हटलं, खोटं बोलून राहिले. काडतुसांचं विचारलं की एकच, मला माहीत नाही. साहेब म्हणाले, उद्या कोर्टात उभं करू, मोठी कलमं लागतील. त्या वयात आत गेले असते तर जिवंत बाहेर आले नसते. पुतण्या दोनदा डबा घेऊन आला, डोळे पुसत होता. डबा मात्र त्याने हवालदाराच्या हातात दिला. काकापुढे उभा राहिला नाही.

माझ्या मनात एक गोष्ट अडकली. जी गाडी शेडमध्ये सुरू झाली नाही, ती जंगलातून घरी आली कशी?

सकाळी साहेबांना सांगून मोटारसायकलने कोहमाऱ्याला गेलो. तिठ्यावरच्या ढाबेवाल्याला शेठबद्दल विचारलं तर तो चिडूनच बोलला.

"काही सांगू नका जी. बुढ्यानं माह्या खाटेवर सारा दुकान मांडून ठेवला होता. गिऱ्हाईकाले बसाले जागा नाही. मी म्हनलो, काऊन जी, इकून टाका ना हे भंगार. तर माह्यावरच डोळे वटारते."

मी विचारलं, दुकान म्हणजे काय? तो म्हणाला, टूलची पिशवी, दर रविवारी ती कुठंतरी उघडावीच लागते. या वेळी इंजिनला पेट्रोल चढवणारा पंप मेला होता. तिठ्यावरच्या मेकॅनिकचे पाने त्या गाडीला बसत नाहीत, तिचे पाने इंग्लंडच्या मापाचे. म्हणून शेठने पिशवी उलटी केली, झटकली आणि एकेक पाना खाटेवर लावला. ट्रकवाले भोवती उभे राहून हसत होते. काडतूस काय, खिळासुद्धा लपला नसता. गाडी सुधरली नाही. शेवटी रिकाम्या ट्रकवर चढवून दुपारी गोंदियाला नेली, शेठ ट्रकवाल्याच्या बाजूला बसून गेले. म्हणजे त्या दिवशी गाडी प्रतापगडला गेलीच नव्हती, आणि फोनवाल्याला हे ठाऊक नव्हतं. शेठची मान खाली का गेली तेही कळलं. गाडी ट्रकवर लादून आणली, हे सांगायची त्यांना काडतुसांपेक्षा जास्त लाज होती.

ढाबेवाल्याचा आणि ट्रकवाल्याचा जबाब घेतला. परत आलो आणि पुतण्याला समोर बसवलं. शेडची दुसरी किल्ली त्याच्याकडेच होती. त्याची स्वतःची गाडी नवी, कधी बंद न पडणारी. मी हात लावला नाही, आवाज चढवला नाही. एवढंच म्हटलं, "बाबू, तुझा काका ती टूलची पिशवी दर फेरीत उघडतो. काल तर भर रस्त्यावर रिकामी केली होती."

तो हळूच म्हणाला, "दर फेरीत?"

तिथंच तपास संपला. मिल हातात यायची वाट पाहून तो थकला होता, काडतुसं त्यानेच ठेवली होती. रविवारी ट्रक गाडी उतरवून गेल्यावर तो घरी आला, गाडी शेडमध्ये दिसली, काका नेहमीसारखा फिरून आला असं समजला. एवढी वर्षं एका घरात राहिला, पण त्या गाडीत एकदाही बसला नव्हता. बसला असता तर ती पिशवी सोडून दुसरी जागा शोधली असती. फोन ज्या एसटीडी बूथवरून आला, तिथल्या बूथवाल्याने त्याला ओळखलं.

कोर्टाच्या हुकमाने गाडी सुटली तेव्हा शेठ ठाण्याच्या आवारात आले. आधी टूलची पिशवी उघडून पाहिली, मग पंप बसवला. गाडी शिपायांनी ढकलली तेव्हा चालू झाली. मला म्हणाले, "बैठो, नागऱ्यापर्यंत जाऊन येऊ." मी विचारलं, त्या गावात काय काम आहे? ते हसले आणि एकटेच गेले. माणूस बिनकामाचा फिरतो, हे मला आजही पटत नाही.

पण एक शिकलो. वाईट करणारा लांबचा नसतो, त्याच्याकडे किल्ली असते. आणि आपण रोज काय उघडतो तेवढं त्याला माहीत नसतं. आज माझ्याकडे एक जुनी स्कूटर आहे. रोज सकाळी तिची डिक्की पूर्ण रिकामी करतो, झटकतो, परत भरतो. तिची दुसरी किल्ली मुलाकडे असते. तो विचारतो, बाबा, रोज काय पाहून राहता? मी त्याला अजून सांगितलेलं नाही.