ट्यूबवाला डबा आणि काकांचा आवाज

घरात स्टुडिओ करायचा ठरला की सामान हळूहळू येतं, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून साचायला लागतात. आमच्या दुर्गापुऱ्याच्या फ्लॅटमधल्या जादा खोलीत तेच झालं. सांगायला लागले की लोक हसतात. मला अजूनही संताप येतो!

आम्ही मूळचे साताऱ्याचे. नवरा केदार आणि मी, दोघंही नोकरीसाठी जयपूरला. माझ्या ऑफिसातली मंजिरी इथेच जन्मली, वाढली. तिचे बाबा, म्हणजे आमचे काका, विमा कंपनीतून रिटायर झालेले, नाट्यपदं झकास गातात. त्यांच्या स्वरयंत्राचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “नंतर आवाज असाच राहील याची खात्री नाही.” म्हणून त्याआधी काकांची गाणी नीट रेकॉर्ड करायची, एवढंच काम होतं. एवढंच!

पण केदार म्हणाला, “काकांच्या आवाजाला ट्यूब प्रीअँपच पाहिजे.” म्हणजे माइकचा बारीक आवाज मोठा करणारा डबा, आत जुन्या रेडिओसारखी काचेची ट्यूब. “त्यानं आवाजाला वॉर्मथ येते. आणि हल्ली स्वस्तातही मिळतो!”

* * *

केदारनं रेकॉर्डिंगवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, स्वस्तातला ट्यूब प्रीअँप कोणता?

एकानं लिहिलं, आधी माइक बदला. दुसरा म्हणाला, माइक ठीक आहे, खोली बदला. तिसऱ्यानं वायरींवर निबंध लिहिला. रात्रीपर्यंत आपसात भांडणं! नाव मात्र कुणीच सांगेना.

शेवटी ग्रुपच्या अ‍ॅडमिननं निकाल दिला, “भाई, एक बार सिंगर चेंज करके देखो.”

मी केदारच्या हातातून फोन ओढून घेतला आणि त्या माणसाला जे लिहिलं ते इथे सांगत नाही. आम्हाला ग्रुपमधून काढलं. बरं झालं!

* * *

मग शहरातल्या सी-स्कीम भागातलं दुकान. एसी, काचेचे दरवाजे, बोलणं गोड. दुकानदारानं डबा टेबलावर ठेवून बटण दाबलं. पुढच्या छोट्या खिडकीत ट्यूब मस्त केशरी चमकायला लागली. केदारचा चेहराही!

“ट्यूब कोणत्या कंपनीची आहे?” केदारनं विचारलं.

“अभी दिखाता हूँ सर,” म्हणत त्यानं वरचं झाकण उघडलं, ट्यूब उपटून केदारच्या हातात दिली.

ट्यूब केदारच्या हातात. आणि खिडकीत उजेड तसाच!

मी वाकून पाहिलं. मागे एक चिमुकला एलईडी दिवा लावलेला.

“भैया, ये क्या है?” माझा आवाज चढला.

तो जराही ओशाळला नाही. “मॅडम, ट्यूब तो फ्यूज हो सकती है. लाइट की पूरी गारंटी है!”

* * *

पुढचा डबा जुना, झोटवाड्यातल्या एका लग्नाच्या बँडवाल्याकडचा. ट्यूब खरी होती. पण घरी जोडला तर घूँऽऽऽ! पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, तरी घूँऽऽऽ. केदारनं त्याला फोन केला.

“अर्थिंग खराब होगी आपकी,” तो म्हणाला. “और वैसे भी, तानपुरा समझ लो! हमारे यहाँ तो सब इसी पे गाते थे.”

काका मंजिरीबरोबर रिहर्सलला आलेच होते. मला वाटलं, तेही भडकणार. त्यांनी डोळे मिटून शांतपणे घूँऽऽऽ ऐकलं.

“तानपुरा वाईट नाही,” काका म्हणाले, “पण हा पांढरी पाचात लागलाय. माझी पट्टी काळी एक. त्याला म्हणावं, जरा उतरवून दे!”

आम्ही हसलो. मंजिरी हसली नाही.

* * *

तिचा स्फोट दुसऱ्या दिवशी झाला. केदारनं सहज सांगितलं की घुमणं जाईल असं एका मेकॅनिकचं म्हणणं आहे, फक्त नवी ट्यूब लागेल, ती मागवलीय, शुक्रवारी येईल.

“शुक्रवारी?” मंजिरी उभीच राहिली. “केदार, बाबांचं ऑपरेशन गुरुवारी आहे! तुला माहीत आहे ना? मतलब, तू डब्यासाठी बाबांना थांबवणार?”

“अगं, पण वॉर्मथ...”

“भाड में गई वॉर्मथ!”

केदारनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “माझ्याकडे काय बघतोस? ती सभ्य आहे, मी याहून वाईट बोलले असते!”

* * *

शेवटी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रेकॉर्डिंग झालं. ज्या साध्या डब्यातून केदार रोज ऑफिसच्या मीटिंगा करतो, त्याच्यातूनच.

“काका, लेव्हल बघायचीय,” रेकॉर्डिंग चालू करत केदार म्हणाला. “काहीतरी बोला.”

काकांनी चष्मा पुसला, मंजिरीकडे पाहिलं आणि ती स्कूटरवर निघताना रोज ओरडतात तसे एकदम कडाडले, “मंजिरी! हेल्मेट हातात अडकवायला दिलंय का? डोक्यात घाल आधी! किती वेळा सांगायचं?”

लेव्हलचा काटा पार लालमध्ये गेला. केदारनं कानातले हेडफोन उपटले. मंजिरी रडवेली झाली, “बाबा, आज तरी...”

“लेव्हल मिळाली का?” काकांनी केदारला विचारलं. आणि मग गायले. सुंदर गायले.

ऑपरेशन नीट पार पडलं. आवाज मात्र गेला. आता काका कुजबुजल्यासारखं बोलतात, तेही समोर बसलं तरच ऐकू येतं. बाहेर गेलेल्या मंजिरीला ते फक्त मिस्ड कॉल देतात.

परवा आम्ही दोघी तिच्या स्कूटरवरून टोंक रोडला सिग्नलला थांबलो होतो. तिच्या पर्समधल्या फोनची रिंगटोन वाजली. भर ट्रॅफिकमध्ये, खणखणीत, “मंजिरी! हेल्मेट हातात अडकवायला दिलंय का?...”

शेजारच्या बाइकवरचा माणूस दचकला. इकडेतिकडे बघत त्यानं कोपरात अडकवलेलं हेल्मेट घाईघाईनं डोक्यात घातलं.

“सॉरी अंकलजी!” तो म्हणाला.

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवत होते. मंजिरीनं फोन उचललाही नाही आणि कटही केला नाही.