उघाडीच्या फळ्यांवरचं लग्न

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये अंतरपाट नाही. त्याच्या जागी मोतिया रंगाची नवी कोरी साडी आहे, घडीच्या रेघांसकट, आणि तिच्या एका कोपऱ्याला दुकानाची चिठ्ठी लोंबतेय. नवरदेव गुडघ्यापर्यंत चिखलात. भटजींच्या हातात पोथी नाही, फावडं आहे. हा अल्बम मी शाळेत एकदाच नेला, तर आमच्या चित्रकलेच्या बाई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या आणि त्यांना पाणी पाजावं लागलं. म्हणून म्हटलं, काय झालं होतं ते एकदा नीट सांगूनच टाकावं.

आमचं गाव पेणच्या खारेपाटातलं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, मध्ये मातीचा बांध. बांधाला एक दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. पावसाचं साठलेलं पाणी ओहोटीला त्यातून बाहेर सोडायचं, आणि भरती आली की दार लावून खाडीला बाहेरच ठेवायचं. दार म्हणजे तरी काय, दगडी खाचांत एकावर एक सरकवलेल्या चार जाडजूड फळ्या. हे सगळं सांभाळायला पूर्वी घरटी एक माणूस बांधावर जायचा, खेकड्यांची बिळं बुजवायचा, माती चढवायचा. आता घरटी एक माणूस कंपनीत शिफ्टला जातो आणि खेकडे मजेत असतात.

उघाडीच्या आत पहिलंच शेत बाबांचं. माझ्या लग्नाच्या तीन वर्षं आधी पावसाळ्यातल्या एका उधाणाला बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि शेत पांढरंफटक पडलं. तसं शेत पावसाने धुऊन परत गोडं व्हायला तीन पावसाळे जावे लागतात. ती तीन वर्षं बाबांनी विकतचा तांदूळ खाल्ला आणि दर घासाला आईला ऐकवलं की ह्याला वासच नाय. मातीचा खारेपणा ते जिभेवर बघत. चिमूटभर माती तोंडात टाकायची, डोळे मिटायचे, थुंकायची, आणि मान हलवायची. माझ्या लग्नाच्या वर्षी, चैत्रात, त्यांनी माती चाखली आणि थुंकलेच नाहीत. गिळली. मग घरात येऊन म्हणाले, "गोडी झाली गो." एवढा आनंद त्यांना माझं लग्न ठरल्याचा झाला नव्हता, हे मी त्यांच्या तोंडावरही बोलून दाखवलंय.

मी तेव्हा पेणला, रामवाडीच्या बाजूच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवायची. हवामान का बदलतंय हा माझा हातखंडा विषय. कोळसा, डिझेल, सिमेंटच्या भट्ट्या, सगळ्यांना एकेक करून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं. त्यांतून निघालेल्या वायूंचं पांघरूण पृथ्वीभोवती जाड होतं, उष्णता आत अडकते, तिचा मोठा वाटा समुद्र गिळतो, आणि तापलेलं पाणी फुगतं. तिकडे बर्फ वितळून भर घालतंय ते वेगळंच. हे सगळं घरी आल्यावर मी बाबांनाही वाढायची. बाबा जेवता जेवता विचारायचे, "दर्या काय पोळी हाय फुगायला?" मी म्हणायची, दूध नाही का तापल्यावर वर येत? तर म्हणायचे, मग फुंकर मारा. माझं कप्पाळ.

स्थळ रोह्याचं आलं. मुलगा एका कंपनीत बॉयलरवर. बघायला आले तेव्हा मुलीला काही विचारायचंय का, असं कोणीतरी उगाच रीत म्हणून म्हणालं. मी विचारलं, तुमच्या बॉयलरात जाळता काय? आत्याने मला मागून असा चिमटा काढला की आठ दिवस दंड निळा होता. तो मात्र शांतपणे म्हणाला की आधी कोळसा होता, आता भुशाच्या कांड्या घालतो, आणि धूर तरी निघतोच, खोटं कशाला बोलू. तिथेच मी गार झाले. बाकीचे लोक कांदेपोहे संपवत होते आणि मी मनात तारीख धरून मोकळी झाले होते.

सासूबाईंना रोह्यातला एसी हॉल हवा होता. त्यांचं म्हणणं, वैशाखात त्या खारेपाटात वऱ्हाड नेलं तर माणसं सुकटासारखी वाळतील. बाबा हट्टाला पेटले. मुलगी माझ्या दारातनंच जाईल. मुहूर्त निघाला वैशाख वद्य द्वितीयेचा, दुपारी पाऊण वाजताचा. भरतीचा हिशेब आमच्याकडे शेंबडी पोरंही तोंडी करतात. पौर्णिमेला दुपारी बाराला पाणी भरतं, पुढे रोज पाऊण तास उशिरा. म्हणजे द्वितीयेला दीडच्या पुढेमागे भरती, तीही उधाणाची. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे खूशच होते. चढत्या पाण्यावर लगीन लागलेलं बरं असतं, असं आत्या म्हणाली, आणि जेवणावळीला वारा लागेल असं बाबा म्हणाले.

आता आमचा पराक्रम ऐका. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडववाला आला तो स्टेजच्या अर्ध्याच फळ्या घेऊन. लग्नसराई, बाकीच्या दुसऱ्या गावात अडकलेल्या. स्टेजचा पुढचा भाग मोकळा, खाली नुसते बांबू. बाबा डोक्याला हात लावून बसले. तेव्हा आत्या म्हणाली की उघाडीच्या फळ्या आण की रे, त्या काय वैशाखात अंडी घालतायत? आणि कोणालाही, अगदी कोणालाही, त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या उघाडीच्या उंबऱ्याला पाणी लागायचं ते भर पावसाळ्यातल्या उधाणाला. वैशाखात ते हातभर खालीच खेळायचं. आजोबांच्या वेळेपासून तसंच. मीसुद्धा म्हटलं, हो, आणा. वर्गात तासभर समुद्र चढवणारी ही बाई, आणि स्वतःच्या खाडीचं दार काढून त्यावर उभी राहायला तयार झाली! समुद्र माझ्या लेखी पुस्तकातला होता. खाडी घरची होती, ती कशाला काही करेल.

तर चारही फळ्या आल्या, पुसल्या, स्टेजला पुढे बसवल्या, आणि मांडववाल्याने त्यांवर लाल गालिचा चुका मारून ठोकला. मी रात्रीच एकदा वर चढून नाचून बघितलं. कुरकुरसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड वेळेवर आलं. ऊन मी म्हणत होतं आणि सकाळपासून दक्षिणेकडून वारा सुटला होता, भलताच जोराचा. सासूबाईंना आईने मानाची साडी दिली. त्यांनी पिशवीतूनच रंग बघितला आणि म्हणाल्या, फिकी आहे जरा. आईचा चेहरा उतरला, पण वाजंत्री लागली आणि ते राहिलं. अंतरपाट धरला. भटजी आमच्याच गावचे, गळा खणखणीत, पहिलं मंगलाष्टक झालं, अक्षता पडल्या, आणि मला अंतरपाटाच्या कडेने बाबा दिसले.

ते माझ्याकडे बघत नव्हते. शेताकडे बघत होते. आणि अक्षता टाकत होते, नीट, वेळेवर, प्रत्येक "सावधान"ला. मी त्यांच्या नजरेमागे नजर नेली. बांधाच्या त्या उघड्या दारातून एक चमचमती रेघ आत येत होती. पहिल्यांदा मला वाटलं, ऊन आहे. मग त्या रेघेला फाटा फुटला. बाबांना तो दिसत होता. त्यांचं तीन वर्षांचं शेत पुन्हा खारं होत होतं आणि ते तोंडावर हसू ठेवून तांदूळ टाकत होते, कारण त्या फळ्यांवर मी उभी होते. मला राग आला, केवढा राग आला, त्यांचा, माझा, सगळ्यांचा.

"थांबा," मी म्हटलं. भटजी दुसऱ्या मंगलाष्टकाच्या मध्यावर होते, ते कुठे थांबतायत. मग मी आठवीच्या वर्गाला लावते तो आवाज लावला. "थांबा. फळ्या काढा. आधी उघाडी लावा."

अंतरपाटापलीकडून नवरदेवाचा आवाज आला. "कुठल्या फळ्या?"

"तुम्ही उभे आहात त्या."

भटजींनी मान वळवून बांधाकडे बघितलं. त्यांचंही अर्धा एकर शेत त्याच उघाडीच्या आत. त्यांनी पोथी माझ्या मामाच्या हातात दिली आणि म्हणाले, मुहूर्ताला अजून अवकाश आहे, उचला. नवरदेव तोवर खाली उतरून फळीला हात घालून मोकळा. बॉयलरवरचा माणूस, गळती म्हटलं की आधी धावतो आणि मग विचारतो.

पुढचं मला क्रमाने आठवत नाही, हसूच येतं. पुढे नवरदेव आणि बाबा एक फळी घेऊन, तिच्यावर गालिचा तसाच ठोकलेला. मागे तीन फळ्या, आचारी, वाजंत्रीवाले, सनईसकट. फोटोवाला उलटा पळत फोटो काढतोय आणि दोनदा पडला. मी शालू खोचून पळतेय, आणि मामा माझ्यामागे छत्री धरून पळतायत, कारण नवरीला ऊन लागू द्यायचं नाही असं त्यांना सांगितलेलं. पाणी पोटरीएवढं झालं होतं आणि जोराने आत येत होतं. नवरदेव त्यात उतरला आणि खाचेत पहिली फळी सरकवली. गालिच्यामुळे ती अडकली. तो तिच्यावर चढून नाचला तेव्हा बसली. दुसरी, तिसरी, चौथी. तरी फटीतून चिळकांड्या. बाबा ओरडले, कापड द्या, आणि भटजींनी क्षणाचाही विचार न करता अंतरपाट दिला. तो फटीत कोंबला. वर चिखल. चिखल हातोहात येत होता आणि मी मागे वळून बघितलं तर त्या रांगेत सासूबाई, जरीचा पदर कमरेला, दोन्ही हातांत ढेकूळ, आणि पुढच्या बाईला म्हणतायत, हात चालवा जरा.

पाणी थांबलं. आम्ही सगळे बांधावर धापा टाकत उभे. भटजींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, चार मिनिटं आहेत, परत जाऊन जमायचं नाही, इथेच उभे राहा. पण अंतरपाट? तो तर उघाडीत. तेव्हा सासूबाईंनी काखेतली पिशवी उघडली, तीच मानाची साडी काढली, झटकली आणि आईच्या हातात एक टोक दिलं. "फिकी आहे तेच बरं," म्हणाल्या, "फोटोत उठून दिसेल." आई इतकी हसली की तिच्या हातातलं टोक हलत होतं. लग्न लागलं. बाहेर खाडी, आत शेत, पायाखाली बांध. अक्षतांचे तांदूळ अर्धे पाण्यात गेले आणि मासे जेवले.

शेताचा खालचा कोपरा तेवढा खारावला. बाकीचं वाचलं. निघताना मी बाबांना धरून विचारलं की पाणी दिसत होतं, मग बोललात का नाही. ते माझ्या मुंडावळ्या सारख्या करत राहिले. मग म्हणाले, "शेत तीन वर्सांत गोडं होतं गो. मांडवातनं लगीन मोडलं असतं, ते कशानं गोडं झालं असतं?" मी तिथे जी रडले ती गाडी रोह्याजवळच्या निडीच्या पुढे गेली तरी रडतच होते, आणि मध्येच गालिचा घातलेली उघाडी आठवून हसत होते. नवऱ्याला वाटलं, ऊन लागलं.

एका उधाणावरून सगळा निकाल लावायचा नसतो, हे मी वर्गात आजही सांगते. वारा होता, बांध खचलेला होता. पण बाबा आता माझं ऐकून घेतात. दर वर्षी त्या तिथीला ते उघाडीच्या दगडावर पाण्याची खूण करतात, आणि खूण हळूहळू वर चाललीय. आमच्या लग्नाचा वाढदिवस म्हणूनच तारखेने होत नाही, पंचांगाने होतो, कारण पाणी पंचांगाने येतं. केक नाही, मेणबत्ती नाही. रोह्याहून आम्ही दोघं आणि सासूबाई सकाळच्या गाडीने पेणला उतरतो आणि बांधावर जातो. गावात घरटी एक माणूस पुन्हा सुरू झालंय, आणि त्यात रोह्याच्या घराचं माणूस म्हणून सासूबाईंनी स्वतःलाच लावून घेतलंय. दर वर्षी मला सांगतात, एसी हॉल घेतला असता तर हे सुख कुठलं.

यंदा नवऱ्याने बाबांना पाचवी फळी करून आणली. जावयाने सासऱ्याला मान द्यायचा हे गावात पहिल्यांदाच घडलं, आणि आत्याने फळीला हळदकुंकू लावलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. पाचवी खाचेत बसली आणि बांधाच्या माथ्याला बरोबर लागली. दीड वाजता पाणी आलं, चौथीच्या वरच्या कडेला टेकलं आणि तिथे डुलत राहिलं. नवरा म्हणाला, पुढच्या वर्षी सहावी आणतो.

"सहावी नको आणू," बाबा म्हणाले. "सहावीला बांधच नाय."

मला हसू आलं नाही. सासूबाईंनी पदर खोचला, फावडं उचललं, आणि इकडेतिकडे बघून बाबांना विचारलं, "मग बांध चढवायला माती कुठली घ्यायची?"

बाबांनी शेताकडे बोट दाखवलं.